साल सुटण्याचा दिवस: लाकूड घडवणारी जनुकं शोधायची कशी

कुळागरात, म्हणजे गोव्याकडच्या माड-पोफळीच्या बागेत, दालचिनी काढणारा माणूस आल्या आल्या कोयता चालवत नाही. आधी एका फांदीला टोचा देऊन साल थोडी उचकटून बघतो. चर्रकन सुटून आली, आतलं लाकूड बोटाला ओलं, बुळबुळीत लागलं, तर कामाला लागतो. साल लाकडाला चिकटून बसली असेल तर सुरी पुसून पिशवीत ठेवतो. कलमासाठी डोळा भरणारा माळीसुद्धा हेच करतो. साल आणि लाकूड यांच्यामधल्या वाढत्या थराला कँबियम म्हणतात. दोघांनाही हा शब्द माहीत नसेल, पण कँबियम जागं आहे की झोपलंय हे दोघांना बोटाने कळतं.

मी फोंडा तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दरवर्षी एमएस्सीची दोन-तीन मुलं लाकूड घडवणाऱ्या जनुकांवर प्रकल्प करायचा म्हणून येतात. लॅपटॉप उघडलेला असतो, जनुकांची यादी तयार असते आणि झाडाला कुणी हात लावलेला नसतो. त्यांच्यासाठी, आणि घरचं फणसाच्या लाकडाचं दार बघून हे लाकूड आलं कुठून असा प्रश्न पडणाऱ्या कुणासाठीही, ही वाट लिहून ठेवतोय. अर्धं काम प्रयोगशाळेतलं आहे. उरलेलं अर्धं एक पात (ब्लेड) आणि एक भिंग असलं की होतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

हार्डवूड म्हणजे कठीण लाकूड असं नाही. हार्डवूड म्हणजे सपुष्प झाडाचं लाकूड, ज्यात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नलिका असतात, आधार देणारे तंतू वेगळे असतात आणि आडव्या किरणपेशी असतात. पाइन-देवदाराच्या लाकडात नलिकाच नसतात. पाणी नेणं आणि झाड उभं ठेवणं ही दोन्ही कामं एकाच जातीच्या लांबट पेशी करतात. ते सॉफ्टवूड. म्हणून आगपेटीच्या काड्या ज्याच्या करतात ती सावर हार्डवूड, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगाराही हार्डवूड. सुतारकाम करणाऱ्या मेस्ताला सांगून बघा, तो हसेल. किनाऱ्यावरच्या सुरूमुळे तर सगळेच फसतात. ती सुयांसारखी दिसणारी पानं म्हणजे खरं तर हिरव्या बारीक फांद्या. सुरू सपुष्प आहे, म्हणजे हार्डवूड, आणि त्याचं लाकूड खरोखरच कठीण आहे.

माडाचं काय? माडाला कँबियमच नाही. त्याचा बुंधा दरवर्षी नवं लाकूड चढवत नाही. २०१६ साली गोव्यातल्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड वगळला गेला आणि गदारोळ झाला, तेव्हा काही जण हाच मुद्दा पुढे करत होते. मुद्दा शास्त्राला धरून आहे, पण त्यावर कायदा बेतायचा नसतो असं माझं मत. असो. या प्रकल्पासाठी मात्र माड बाद.

हुकूम कुठून सुटतो

साल आणि लाकूड यांच्यामध्ये काही पेशींच्या जाडीचा एक पडदा असतो, तो कँबियम. त्याची पेशी दुभंगली की आतल्या अंगाला गेलेली लाकडाची होते, बाहेर गेलेली सालीच्या रसवाहिन्यांची. आत गेलेली पेशी आधी फुगते, मग स्वतःभोवती जाड दुय्यम भित्तिका बांधते, तिच्यात लिग्निन हे भिंत कडक करणारं द्रव्य भरते आणि शेवटी मरते. नलिका लवकर मरतात, तंतू मागून. दारं-खिडक्या करतो ते लाकूड म्हणजे अशा मेलेल्या पेशींच्या भिंती. इतक्या शिस्तीत मरायला सांगणारी जनुकं असतात, आणि ती जिवंतपणीच्या थोड्या दिवसांत कामाला लागलेली असतात. म्हणून वाळलेल्या फळीत ती शोधण्यात अर्थ नाही.

कामाची उतरंड साधारण अशी. रसवाहिन्यांच्या बाजूला एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण तोकडी साखळी, तयार होतं, टीडीआयएफ. ते कँबियमपर्यंत जातं आणि तिथल्या पीएक्सवाय नावाच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं. त्यातून डब्ल्यूओएक्स-४ हे जनुक चेततं आणि पेशी दुभंगत राहतात. जोडीला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक असतं, ज्याचं प्रमाण कँबियमपाशी सर्वांत जास्त आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं. २०१५ साली संकरित ॲस्पेन या पॉप्लरच्या जातीतल्या झाडामध्ये पेप्टाइड आणि ग्राहक या दोन्हींची जनुकं वाढवून बघितली गेली. झाडाच्या अंगभर वाढवली तेव्हा ऊतींची घडी विस्कटली. आपापल्या जागी वाढवली तेव्हा झाडं जोमाने वाढली आणि लाकूड जास्त चढलं. जनुक तेच, फरक फक्त जागेचा. हे पुढच्या प्रत्येक पायरीला लक्षात ठेवा.

पेशी लाकडाच्या बाजूला आली की एनएसी कुळातली नियंत्रक प्रथिनं ताबा घेतात. व्हीएनडी-६ आणि व्हीएनडी-७ नलिका घडवतात, एनएसटी-१ आणि एसएनडी-१ तंतू. २००५ साली जपानी संशोधकांनी व्हीएनडी-७ नको त्या पेशींत चालू केलं, तर त्या पेशीही नलिकेसारख्या नक्षीदार भिंती बांधू लागल्या. म्हणूनच याला मुख्य कळ म्हणतात. भिंत बांधायचा हुकूम आणि शेवटी पेशी मोडून टाकणाऱ्या विकरांना जागं करण्याचा हुकूम, दोन्ही याच्याच हातात. त्याच्याखाली एमवायबी-४६ आणि एमवायबी-८३ हे मुकादम. त्यांच्याही खाली प्रत्यक्ष गवंडी: सेल्युलोज विणणारी सीईएसए कुळातली जनुकं, झायलान ही भिंतीतली दुसरी शर्करा-साखळी करणारी आयआरएक्स-९ वगैरे, आणि लिग्निनच्या साखळीतली पीएएल, ४सीएल, सीसीआर, सीएडी ही मंडळी.

आयआरएक्स हे नाव कसं पडलं ते सांगायला मला आवडतं. १९९७ साली सायमन टर्नर आणि ख्रिस सॉमरव्हिल यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपाची बिघडलेली वाणं शोधली. देठाचा काप घेऊन बघितलं तर नलिका गोल नव्हत्या, चेपलेल्या होत्या. शहाळ्यात मऊ पडलेला कागदी स्ट्रॉ घालून जोरात ओढलं की तो मध्येच चपटा होतो ना, तसं. पाणी वर ओढलं जाताना आत जो ताण येतो, तो भिंतीला पेलला नव्हता. वेडीवाकडी जलवाहिनी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आयआरएक्स. पुढे आयआरएक्स नावाच्या जनुकांतली तीन सेल्युलोज विणणारी निघाली, दुय्यम भित्तिकेतली सीईएसए-४, ७ आणि ८. तिघांपैकी एक जरी बसलं तरी काम बंद, कारण तिघं मिळूनच माग चालवतात. आणि हा एवढा शोध कुठून लागला? देठाच्या कापातून.

पहिली पायरी: प्रश्न छोटा करा

'सागातली लाकूडनिर्मितीची जनुकं' हा प्रकल्प नव्हे, ती आयुष्यभराची नोकरी आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच रचना सुचवतो: झाड वाकवा.

हार्डवूडचं खोड कललं की वरच्या अंगाला वेगळं लाकूड तयार होतं, ताण-लाकूड. ते आकसतं आणि खोडाला दोरीसारखं वर ओढतं. सॉफ्टवूडमध्ये उलट, खालच्या अंगाचं लाकूड खोडाला वर ढकलतं. ताण-लाकडात अनेक प्रजातींच्या तंतूंना आतून जवळपास निव्वळ सेल्युलोजचा एक जेलीसारखा थर येतो. प्रत्येक प्रजातीत येतोच असं नाही, म्हणून आधी काप घेऊन खात्री करायची. या रचनेची गंमत अशी की एकाच रोपाचं वरचं आणि खालचं अंग हे तुमचे दोन नमुने. माती तीच, वय तेच, पाऊस तोच, जनुकसंचही तोच. दोन वेगवेगळी झाडं तुलनेला घेतली की निम्मा वेळ 'फरक जनुकाचा की खताचा' यात जातो, तो इथे वाचतो.

रोप कुठलं? मी निलगिरी घेतो. ती आवडते म्हणून नव्हे. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी ती इतकी लावायला नको होती असंच मला वाटतं. पण निलगिरीच्या युकॅलिप्टस ग्रँडिस या प्रजातीचा जनुकसंच २०१४ साली वाचून झाला. डीएनएची सुमारे ६४ कोटी अक्षरं आणि ३६ हजारांवर जनुकं, सगळं मोफत उपलब्ध. झाडांत पहिला मान पॉप्लरचा, २००६ साली. सागाचा कच्चा आराखडा कोईमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली मांडला, त्यामुळे सागावर काम करणंही आता शक्य आहे. फक्त सागाचं रोप वाकवून ठेवा आणि थर येतो का ते आधी बघा.

सहा महिन्यांची, बोटाएवढ्या जाडीची सहा रोपं पिशवीत आणा. तीन सरळ ठेवा, तीन ४५ अंशांत कलती करून बांधा. शेंडा वर वळू नये म्हणून खोड बांबूला दोन-तीन ठिकाणी सैल सुतळीने धरा. घट्ट बांधलंत तर सुतळीखाली खोड सुजतं आणि तो वेगळाच प्रयोग होतो. वरच्या अंगावर पांढऱ्या रंगाची उभी रेघ मारून ठेवा. रोप सोडवल्यावर वरची बाजू कोणती हे कुणालाच आठवत नाही. तीन आठवडे थांबा.

दिवस? पावसाळ्यातला. साग तर उन्हाळ्यात पानं झाडून झोपतो आणि पाऊस पडला की जागा होतो. पिशवीतल्या निलगिरीला पाणी घातलंत तर ती इतर वेळीही वाढते, पण जून ते सप्टेंबरात साल जशी सुटते तशी मार्चमध्ये सुटत नाही. रानातल्या झाडाचा नमुना घ्यायचा असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, टोचा नंतर. पिशवीतलं रोप आपलं स्वतःचं असतं, हाही एक फायदा.

दुसरी पायरी: आधी काप, मग जनुक

या पायरीवर मुलांचा धीर सुटतो. सुटू देऊ नका.

नवी पात घ्या. खोडाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा गाजरात खाच पाडून उभा बसवा, पात आणि गाजर दोन्ही ओली ठेवा, आणि पात स्वतःकडे ओढत एकाच दमात काप घ्या. वीस काप घ्या, त्यातला पारदर्शक एक ठेवा. त्यावर टोल्युइडिन ब्लू या रंगाचा ०.०५ टक्क्याचा थेंब एक मिनिट, मग पाणी. लिग्निन असलेल्या भिंती निळ्या-हिरव्या दिसतात, नसलेल्या जांभळट. कललेल्या रोपाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत वरच्या अंगाला आणा. तंतूंच्या आत जांभळा थर दिसला, कधीकधी भिंतीपासून सुटून आत गोळा झालेला, तर ताण-लाकूड आलं. दिसला नाही तर अजून आठवडाभर थांबा. काप न बघता पुढे गेलात तर आकडे येतील, पण ते कशाचे हे सांगता येणार नाही.

आता एक प्रयोग, जो प्रकल्प न करणाऱ्यांनीही करावा. लागतात पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोक्लोरिक आम्ल, अमोनिया, आणि कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यातल्या पाइनची एक ढलपी. सोबत आपल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या वाळक्या फांदीची एक ढलपी. दोन्ही १ टक्का परमँगनेटमध्ये पाच मिनिटं बुडवा, धुवा, पातळ आम्लात तपकिरी रंग जाईपर्यंत ठेवा, पुन्हा धुवा आणि वर अमोनियाचा थेंब सोडा. पाइन पिवळट-तपकिरी राहते. फणस लालबुंद होतो.

याला मॉयले चाचणी म्हणतात, आणि त्या लाल रंगामागे मुख्यतः एक जनुक उभं आहे, एफ५एच. पाइनच्या लिग्निनमध्ये प्रामुख्याने ग्वायसिल घटक असतात. हार्डवूडमध्ये त्याच्या जोडीला सिरिंजिल घटकही असतात. सिरिंजिलकडे जाणाऱ्या फाट्यावर एफ५एचचं विकर बसलेलं असतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे जनुक बिघडलं की सिरिंजिल घटक जवळपास नाहीसे होतात. पॉप्लरमध्ये ते जोरात चालवलं तेव्हा लिग्निनमधला सिरिंजिलचा वाटा ९० टक्क्यांच्या वर गेला, आणि असं लाकूड कागदाच्या लगद्यासाठी शिजवायला सोपं पडतं. सिरिंजिल घटकाला दुसऱ्या साखळीशी जोडला जायला एक जागा कमी असते, त्यामुळे जाळं कमी घट्ट विणलं जातं, हे त्यामागचं कारण. आम्ल आणि अमोनिया दोन्ही घशाला लागतात; खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि मुलांच्या हातात बाटल्या देऊ नका.

तिसरी पायरी: खरवडणं

ठरलेल्या दिवशी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. वेळ पाळायची कारण जनुकांचं काम दिवसाच्या प्रहरांप्रमाणे चढतं-उतरतं. एक रोप सकाळी आणि दुसरं संध्याकाळी घेतलंत तर घड्याळाचा फरक जनुकाच्या नावावर जमा होतो.

खोड कापा, वरच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी उभे चिरे द्या आणि साल पट्टीसारखी सोलून काढा. पावसाळ्यात ती सहज निघते. सालीची आतली बाजू म्हणजे रसवाहिन्या. खोडावर उरलेला ओला चकचकीत पृष्ठभाग म्हणजे आत्ता घडत असलेलं लाकूड. पातीच्या धारेने तो हलक्या हाताने खरवडा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मऊ, दाट पेजेसारखा लगदा येतो. तोच हवा. पात करकरायला लागली, कोरडे धागे निघायला लागले की थांबा. तिथून पुढे मेलेलं लाकूड आहे, आणि त्याने तुमचा नमुना नुसता पातळ होतो. वरच्या अंगाची खरवड एका नळीत, खालच्या अंगाची दुसऱ्या. सरळ रोपांचीही त्याच वेळी. नळ्यांवर नावं आदल्या रात्री घालून ठेवा. नमुने घेताना एकमेकांशी बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, कारण सोलल्यापासून गोठवेपर्यंत एका मिनिटाच्या वर जाता कामा नये.

गोठवायला द्रव नायट्रोजन. गुरांच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य त्यातच साठवतात, तेव्हा तो मिळतो कुठे याची चौकशी तिथून सुरू करता येते. बंद झाकणाच्या डब्यात तो कधीही भरू नका, डबा फुटतो. नायट्रोजन नसेल तर क्षारद्रावण घरीच करा: ९३५ मिलि पाणी, ०.५ मोलरचं ४० मिलि ईडीटीए, १ मोलरचं २५ मिलि सोडियम सायट्रेट, ७०० ग्रॅम अमोनियम सल्फेट, गरम करत विरघळवा, थंड झाल्यावर पीएच ५.२ करा. खरवड त्यात पूर्ण बुडाली पाहिजे.

पहिल्या वर्षी मी हे काहीच केलं नव्हतं. सत्तरी तालुक्यातून सागाची खरवड नुसत्या बर्फात ठेवून आणली. वाटेत बस बंद पडली, दुसरी येईपर्यंत थर्मासात पाणी झालं होतं. खरवडीतला आरएनए जेलवर चालवला, तेव्हा दोन ठळक पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसला तो वरपासून खालपर्यंत ओढलेला धुरकट फराटा, म्हणजे आरएनए तुटून गेलेला. बसला काय बोल लावणार, बर्फावर विसंबलो मी.

चौथी पायरी: आरएनए काढणं

जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात. कुठलं चालू आहे हे आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीने काढलेली नक्कल, सांगतो. झाडाच्या लाकडात फेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर, त्यामुळे पानांसाठी चालणारी तयार किटं इथे बऱ्याचदा मान टाकतात. कापलेलं निरफणस काळं पडतं ना, तसे फेनॉल काळे पडून आरएनएला घट्ट धरतात. सीटॅब या साबणासारख्या रसायनाची जुनी पद्धत, १९९३ साली पाइनसाठी प्रसिद्ध झालेली, अजूनही भरवशाची आहे.

बफरमध्ये २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २५ मिलिमोलर ईडीटीए, २ मोलर मीठ. वापरण्याच्या क्षणी २ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी फेनॉलला पकडतं, मरकॅप्टोइथेनॉल काळं पडणं रोखतं. त्याचा वास सडक्या अंड्यांचा आणि ते विषारी, म्हणून फ्यूम हुडखालीच. सुमारे २०० मिलिग्रॅम खरवड नायट्रोजनमध्ये पिठासारखी वाटा आणि ६५ अंशांवर तापवलेल्या १.२ मिलि बफरमध्ये टाका. वाटताना पीठ ओलं दिसायला लागलं तर उशीर झाला. क्षारद्रावणातली खरवड असेल तर ती आधी नीट टिपून घ्या. क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ या मिश्रणाने दोनदा धुवा, वरचा थर उचला, त्यात चौथा हिस्सा १० मोलर लिथियम क्लोराइड घाला आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. लिथियम क्लोराइड आरएनए खाली बसवतं, डीएनए बराचसा वर राहतो. सकाळी फिरवा, ७० टक्के अल्कोहोलने धुवा, पाण्यात घ्या, डीएनएझने उरलेला डीएनए संपवा.

आरएनए किती शुद्ध आहे ते बघायला २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, २६०/२८०, २ च्या आसपास हवं. २६०/२३० कमी आलं तर शर्करा किंवा फेनॉल राहिलेत. क्लोरोफॉर्मची आणखी एक फेरी द्या. जेलवर २५एस आणि १८एस अशा दोन स्वच्छ पट्ट्या दिसल्या की निम्मी लढाई जिंकलात.

पाचवी पायरी: संगणक, आत्ता कुठे

आता लॅपटॉप उघडा. अरॅबिडॉप्सिसमधलं ओळखीचं जनुक घ्या, त्याचा प्रथिनक्रम टेअर या अरॅबिडॉप्सिसच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि फायटोझोम या वनस्पतींच्या जनुकसंचांच्या संकेतस्थळावर निलगिरीच्या जनुकसंचात ब्लास्ट करा, म्हणजे त्याच्याशी जुळणारे क्रम शोधा. जो पहिला येईल तोच आपला असं मानू नका. त्याचा क्रम घेऊन उलट अरॅबिडॉप्सिसमध्ये शोधा. परत निघालात तिथेच पोचलात तर नातं पक्कं. झाडांमध्ये एका जनुकाच्या दोन-तीन प्रती असणं नेहमीचं, म्हणून 'निलगिरीचं एसएनडी-१' असं बोलताना जपून.

ते लाकडात चालतं का हे फुकटात बघायला ॲस्पवूड हे संकेतस्थळ आहे. ॲस्पेनच्या खोडाचे सालीपासून लाकडापर्यंत अतिशय पातळ काप घेऊन प्रत्येक कापातली जनुकं मोजलेली आहेत, २८ हजारांहून जास्त. आपल्या जनुकाचं पॉप्लर कुळातलं भावंड शोधा आणि आलेख बघा: शिखर कँबियमपाशी आहे, भिंत बांधण्याच्या पट्ट्यात आहे, की मरणाच्या? मी मुलांना या आलेखासमोर तासभर बसवतो. तुमची खरवड ज्या पट्ट्यातून आली त्यात जनुक चालतच नसेल तर त्यावर पैसे कशाला घालवायचे?

मग प्रायमर, म्हणजे मोजायच्या तुकड्याची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे धागे. ते १८ ते २२ अक्षरांचे, वितळण्याचं तापमान ६० अंशांच्या जवळ, तुकडा १०० ते २०० अक्षरांचा. सीईएसए कुळातली भावंडं मध्यभागी इतकी सारखी असतात की प्रायमर सगळ्यांनाच चिकटतो. शेपटीकडचा, कमी सारखा भाग निवडा. तुमची रोपं बहुधा ग्रँडिस नसून दुसऱ्या प्रजातीची किंवा संकरित असतील, तेव्हा प्रायमर आधी तुमच्याच रोपाच्या डीएनएवर चालवून बघा.

सहावी पायरी: मोजणी

मोजणी क्यूपीसीआरने होते, म्हणजे आरएनएवरून बनवलेल्या डीएनएचे तुकडे यंत्रात फेरीफेरीने वाढवत. पाच जनुकं पुरेत: सीईएसए-७, एफ५एच, एमवायबी-४६, एखादं एफएलए, आणि कँबियमसाठी डब्ल्यूओएक्स-४. एफएलए ही पेशीभित्तिकेतली चिकट प्रथिनं. निलगिरी आणि पॉप्लर दोन्हींच्या ताण-लाकडात ती जोरात चढतात, म्हणून प्रयोग चाललाय की नाही याची ती साक्ष. जोडीला किमान दोन संदर्भ जनुकं, ॲक्टिन आणि युबिक्विटिन म्हणा, जी वरच्या-खालच्या अंगात बदलत नाहीत हे स्वतः तपासलेलं असावं.

हिशेब असा. समजा एफएलएचं सीटी, म्हणजे तुकडे यंत्राला दिसण्याइतके वाढायला लागलेल्या फेऱ्या, वरच्या अंगात २१ आणि खालच्यात २५ आलं, संदर्भ जनुक दोन्हीकडे २०. फरक ४, आणि दर फेरीला तुकडे दुप्पट होतात, म्हणून २ चा ४ था घात, १६ पट. तीन रोपांचे तीन आकडे वेगवेगळे मांडा. एकाच नळीतून तीनदा मोजलं म्हणजे तीन नमुने झाले असं नाही; ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच.

आकडे कापाशेजारी ठेवून वाचा. वरच्या अंगात एफएलए चढलेलं, लिग्निनची जनुकं उतरलेली, आणि कापात जांभळा थर: तिन्ही गोष्टी एकच सांगत असतील तर लिहायला बसा. एफएलए चढलंय पण काप कोरा आहे, तर बहुधा जनुकं जागी झालीत आणि भिंत अजून बांधायची आहे. आठवड्याने दुसऱ्या रोपाचा काप घ्या. एफ५एच उतरलंय पण मॉयलेने वरचं अंग लालच दाखवलं, तर तो लाल रंग वाकवण्याआधीच्या लाकडाचा असू शकतो. वाकवल्यानंतरचं लाकूड फक्त सालीलगतच्या बारीक कडेला असतं, तिथेच बघा.

एवढ्यावर 'हे जनुक ताण-लाकूड घडवतं' असं मात्र लिहू नका. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, इतकंच हातात आलंय. घडवतं म्हणायचं तर ते जनुक बंद करून बघावं लागतं. १९९९ साली ॲस्पेनमध्ये ४सीएल दाबलं तेव्हा लिग्निन ४५ टक्क्यांपर्यंत घटलं आणि सेल्युलोज वाढलं. २०२३ साली अमेरिकेत क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राने पॉप्लरची अनेक लिग्निन-जनुकं एकदम बदलली. कोणती जोडी निवडायची यासाठी आधी संगणकावर जवळजवळ ७० हजार पर्याय तपासले होते. ही कामं एमएस्सीच्या टेबलावरची नव्हेत, आणि जनुक बदललेलं झाड बाहेर लावायला आपल्याकडे केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. तुमच्या प्रबंधात 'सहसंबंध' हा शब्द असू द्या. परीक्षकाला आवडतो.

आणि वेळापत्रक. रसायनं एप्रिलमध्ये मागवा, यायला वेळ लागतो. मे महिन्यात गाजरावर हात बसवा, म्हणजे पावसाळ्यात पात चुकणार नाही. मृगाचा पाऊस लागला की आठवड्यातून एकदा एखाद्या फांदीला टोचा देऊन साल बघा, आणि सुटायला लागली त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. रोपं मात्र त्याच्या आधीच बघून ठेवा. पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेत सरळ खोडाचं रोप शिल्लक राहत नाही, आणि आधीच वाकडं असलेलं रोप तुमच्या काही कामाचं नाही.